तांदूळ निवडणं, ग्रह स्कॅन करणं आणि गेममधला कंटाळा

मे महिन्यात ताईचा मुलगा आमच्याकडे कोथरूडला होता, दहावी सुरू व्हायच्या आधीची शेवटची मोकळी सुट्टी. त्याला मी माझ्या पीसीवर मास इफेक्ट या अंतराळातल्या गेम-मालिकेची लेजंडरी एडिशन लावून दिली, 2021 मधे तिन्ही गेम एकत्र करून परत काढले ना ते. पहिला भाग त्याने घाईघाईत उरकला, दुसऱ्यात मात्र पार अडकला. जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. मग एका रात्री साडेअकराला खोलीतून बाहेर आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, जॅक मेली."

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि ज्यांना खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. दुसऱ्या भागाच्या शेवटी जे मिशन आहे त्याला गेममधेच सुसाइड मिशन म्हणतात. अख्खा गेमभर आपण एकेक माणूस गोळा करतो, जॅक त्यातलीच एक, त्यांची भांडणं मिटवतो, त्यांच्या घरच्या भानगडी निस्तरतो आणि शेवटी सगळ्यांना घेऊन जातो. जहाजाचं चिलखत, शील्ड आणि तोफ सुधारून घेतली नसेल तर शत्रूच्या तळावर पोचायच्या आधीच, वाटेतच, आपली माणसं जातात. चिलखत नसेल तर जॅक जाते.

"मी काहीच चुकलो नाही गं, लढाई सुरू पण झाली नव्हती."
"चिलखत घेतलं नव्हतंस ना?"
"त्याला खनिजं लागतात. ते स्कॅनिंग कोण करत बसणार? किती बोअर आहे ते."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून आज लिहितेय, लांब होणारे, चहा घेऊन बसा.

स्कॅनिंग म्हणजे काय ते आधी नीट सांगते. आपलं जहाज एखाद्या ग्रहाजवळ नेलं की स्क्रीनवर तो ग्रह येतो, त्यावर एक गोल फिरवायचा. स्कॅनचं बटण दाबून धरलं की तो गोल एकदम जड होतो, चिखलात पाय टाकल्यासारखा, आणि बाजूला चार खनिजांचा आलेख थरथरायला लागतो, एलिमेंट झीरो, इरिडियम, पॅलेडियम, प्लॅटिनम. आलेख उसळला की प्रोब, म्हणजे ते खनिज काढायला खाली जाणारं छोटं यंत्र, सोडायचा. परत गोल सरकवायचा. परत उसळी, परत प्रोब. तीस प्रोब संपले की दुकानात जाऊन आणायचे, जहाजाचं इंधन भरायचं, पुढचा ग्रह. बस. एवढंच. 2010 मधे गेम आला तेव्हापासून लोक या एका गोष्टीला शिव्या घालतायत, आणि इतक्या भारी गेमला लागलेला हा डाग आहे असं माझे कितीतरी मित्र आजही म्हणतात.

मला ते पटत नाही. तेव्हाही पटलं नव्हतं. मला ते स्कॅनिंग मनापासून आवडायचं.

तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत राहायचो. माझी नोकरी नवीन होती, सॉफ्टवेअर टेस्टिंगची, आणि पहिल्या पगारांतून तापकीर गल्लीजवळून एकेक भाग आणून भावाने आणि मी मिळून पीसी जोडला होता. रात्री मी आवाज कमी करून ग्रह फिरवत बसायचे. दिवसभर हिंजवडीचा प्रवास आणि माणसांची कटकट, त्यानंतर मला बंदुका नको असायच्या. तो संथ गोल, तो आलेख, प्रोब सुटल्याचा आवाज. एका रात्री आई पाणी प्यायला उठली, मागे उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे तर तांदूळ निवडणं झालं."

अगदी तेच होतं ते.

आमच्याकडे वर्षाचा तांदूळ भरायचे. भोरकडून आंबेमोहोर यायचा, मग आठवडाभर दुपारी जेवणं उरकली की आई आणि काकू ताटं घेऊन बसायच्या. ताटात मूठभर तांदूळ पसरायचा, बोटाने थोडा थोडा अलीकडे ओढायचा, खडा दिसला की काढायचा, साळ दिसली की काढायची, निवडलेला एका बाजूला सारायचा. पांढऱ्या तांदळात पांढरा खडा शोधायला नजर लागते, ती नजर चार-पाच ताटांनंतर आपोआप येते, मग हात आणि डोळे आपापलं काम करतात आणि डोकं मोकळं होतं. आमच्या घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी त्या ताटांभोवती बोलल्या गेल्यात, कोणाचं लग्न कुठे ठरतंय, कोणाला घर सोडायचंय. शेवटी बोरिक पावडर लावून डबे भरायचे, आणि मग वर्षभर त्याच तांदळाचा भात. घासात खडा लागला की सगळे ताटातून वर बघायचे.

म्हणजे काम तेच तेच होतं हे खरं, पण वाया जात नव्हतं. ते पुढे ताटात यायचं. जॅकचं पण तसंच आहे. तुम्ही चाळीस मिनिटं गोल फिरवलात म्हणून एक माणूस जिवंत राहिला, आणि नाही फिरवलात तर गेम तुम्हाला रागवत बसत नाही, घासात खडा लागतो एवढंच. इतक्या कंटाळवाण्या कामाचा इतका मोठा परिणाम मी फार कमी गेममधे बघितलाय.

आणि दुसरी गोष्ट, जी लोक बघतच नाहीत. प्रत्येक ग्रहाला माहिती आहे. हवा कशाची, तापमान किती, तिथे काय घडून गेलं, चार-पाच ओळी. कोणी वाचत नाही. पण पहिल्या भागात क्लेनडेगॉन नावाचा एक ग्रह आहे, त्याच्या माहितीत लिहिलंय की दक्षिणेकडे जमिनीला एक प्रचंड भेग आहे आणि ती कुठल्यातरी महाकाय तोफेच्या निसटत्या गोळ्याने पडली असावी. झालं, त्या भागात यापुढे काही नाही. मग दुसऱ्या भागात अचानक कळतं की तो गोळा ज्याच्यावर झाडला होता ते धूड सापडलंय, 3 कोटी 70 लाख वर्षं मरून पडलेलं, आणि आता आपल्याला त्याच्या आत शिरायचंय. मी खुर्चीतून उठले होते तेव्हा! कारण ती भेग मी वाचली होती. मला कोणी बाण दाखवून तिथे नेलं नव्हतं, मी आपली रिकाम्या वेळात वाचत बसले होते आणि ते कुठेतरी डोक्यात राहिलं होतं. मी याला शोध म्हणते.

आता कोणी म्हणेल म्हणजे हिला सगळाच रवंथ आवडतो. नाही, अजिबात नाही. पहिल्याच भागात, 2007 च्या, ती माको गाडी होती. सरळसोट उभ्या डोंगरांवर ती सहा चाकांची गाडी उसळत उसळत न्यायची आणि वर गेल्यावर काय, तर तोच साच्यातला बंकर आणि तेच खोक्यांचं गोदाम. आकाश मात्र काय सुंदर असायचं तिथलं, एखाद्या ग्रहावर उतरल्यावर क्षितिजावर लालभडक सूर्य, मी गाडी थांबवून बघत बसलेय. पण ग्रह नवा आणि आतलं घर तेच, हे तीनदा झालं की मन उडतं. मग दुसऱ्यात माको काढून स्कॅनिंग आणलं, आणि तिसऱ्यात, 2012 मधे, स्कॅनिंगपण कापून एक लहर सोडायची, काही असलं तर दिसतं, आणि जास्त लहरी सोडल्या की शत्रूची जहाजं मागे लागतात. वेगवान झालं, पण मला तो सगळ्यात वाईट प्रकार वाटतो. ना शांतता राहिली ना भीती, नुसती पळापळ, आणि मिळणार काय तर युद्धाच्या यादीत एक आकडा वाढणार.

खरं बिघडलं ते दुसरीकडेच, नकाशावर. 2012 च्या फार क्राय 3 मधे 18 रेडिओ टॉवर आहेत, टॉवर चढायचा, वर एक बटण दाबायचं, की खालचा नकाशा उघडतो. पहिला टॉवर चढताना पोटात गोळा येतो, गंजलेल्या शिड्या, खाली झाडं. पण एकदा ती युक्ती चालली म्हणून सगळ्यांनी उचलली आणि मग नकाशे असे खुणांनी भरायला लागले की जणू गोवर आलाय. विचर 3 माझा अत्यंत आवडता गेम आहे, त्यातल्या गावातल्या छोट्या छोट्या गोष्टी मला अजून तोंडपाठ आहेत, पण त्यातल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर जी प्रश्नचिन्हं आहेत त्यांनी माझा जीव खाल्लाय. होडी घ्यायची, प्रश्नचिन्हापाशी जायचं, वर घिरट्या घालणाऱ्या सायरन नावाच्या राक्षसिणी मारायच्या, पिंपं फोडायची, पुढचं प्रश्नचिन्ह. गेम बनवणाऱ्याने आधीच सगळं शोधून खूण करून ठेवलंय, मी फक्त जाऊन टिकमार्क करायची. ही किराण्याची यादी झाली. यादी घेऊन दुकानात जाण्याला आपण भटकंती म्हणतो का?

स्टारफील्डचं दुःख तर वेगळंच आहे. 2023 मधे आला, हजाराच्या वर ग्रह, मी सुट्टी टाकली होती. त्यात शक्ती मिळवायला मंदिरांमधे जायचं असतं. आत गुरुत्वाकर्षण नाही, चमकणारे ठिपके येतात, त्यांच्यातून तरंगत जायचं, मधली कडी फिरायला लागतात, झालं. पहिल्यांदा अंगावर काटा आला, खरंच. दुसऱ्या मंदिरात तेच. पाचव्यात तेच. 24 शक्ती आहेत, आणि प्रत्येक दहाव्या पायरीपर्यंत न्यायची तर गेम दहा वेळा फिरून यायचा, म्हणजे मूळ हिशोबाने तेच तरंगणं 240 वेळा. बघायला नवं काही नाही, वाचायला एक ओळ नाही, जिथे सगळ्यात गूढ वाटायला हवं तिथेच कारकुनी. स्कॅनिंगमधे निदान ग्रह तरी वेगळा असायचा.

म्हणून मला वाटतं एकच काम परत परत करायला लावणं हा दोषच नाहीये. सिंहगडाला दर रविवारी जाणारी माणसं पुण्यात हजारांनी आहेत, मी पण बरीच वर्षं त्यातली एक आहे. आतकरवाडीतून तीच वाट, तेच दगड, दम लागतो तो पण त्याच वळणावर, वर तेच देवटाक्याचं पाणी आणि तीच पिठलं-भाकरी. पण जूनमधे पहिला पाऊस पडून गेल्यावर त्या वाटेवर पाय कुठे घसरतो हे ऑक्टोबरमधे कळत नाही, धुक्यात पुणे दरवाजा अचानक समोर उभा राहतो, थंडीत खडकवासल्याचं पाणी लांबून चमकतं. पाय तेच करतात म्हणून डोळे मोकळे असतात. गेम बनवणाऱ्यांनी हे एवढं लक्षात घेतलं तरी पुष्कळ आहे. ब्रेथ ऑफ द वाइल्डने घेतलं, 2017 मधे. तिथेही टॉवर आहेत पण चढल्यावर नुसता नकाशा मिळतो, कोरा, खुणा नाहीत, वर उभं राहून दुर्बिणीतून आपण बघायचं आणि आपल्याला जे वेगळं वाटेल तिथे आपण खूण करायची. कोरोक बिया, म्हणजे जागोजागी लपवलेल्या बिया ज्या देऊन आपली सामानाची पिशवी मोठी करता येते, त्या 900 ठेवल्यात, पण पिशवी पूर्ण मोठी करायला 441 पुरतात. कारण त्या सगळ्या गोळा करायला ठेवलेल्याच नाहीत, तुम्ही कुठेही भरकटलात तरी हाताला काहीतरी लागावं म्हणून ठेवल्यात. ज्याने हे डोकं लावलं त्याला माझा नमस्कार.

आणि यात आपलाही वाटा आहे, तो बोलायला हवा. आपण गेम घेताना तास मोजतो. चार-पाच हजार रुपये दिले तर शंभर तास तरी चालला पाहिजे, पैसा वसूल. आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मधे राजी काढला, भावाला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी, मधे मधे भिंतींवरची चित्रं बघत उभं राहायचं आणि त्यांच्या गोष्टी ऐकायच्या. पाच-सहा तासांत संपतो. त्यावर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, "चांगला आहे पण छोटा आहे, स्वस्त झाला की घेऊ." मग मोठ्या कंपन्या पिंपं आणि प्रश्नचिन्हं नाहीतर काय भरतील? पाच तासांची गोष्ट पाच तासांत सांगणाऱ्याला आपण पैसे देत नाही, आणि तिच्यात नव्वद तासांचा भुसा भरणाऱ्याला देतो. मला याचा खरंच राग येतो.

नोकरी आणि पोरंबाळं सांभाळून खेळणाऱ्यांना वेळ नसतो हे मान्य आहे, मलाही नसतो, आठवड्यात चार तास मिळाले तर खूप. पण म्हणूनच त्या चार तासांत मला काय करायला लावताय याचं मला एवढं वाटतं.

भाच्याने दुसऱ्या दिवशी मिशनच्या आधीची सेव्ह उघडली. मी काही बोलले नव्हते. मी स्वयंपाकघरात होते आणि आतून तो ओळखीचा आवाज यायला लागला, प्रोब सुटल्याचा, थोडा वेळ शांतता, परत सुटल्याचा. तासभर चाललं होतं. चिलखताला लागतं तेवढं तर कधीच झालं असणार. मग हाक आली, "मावशी, इकडे ये ना, या ग्रहाबद्दल काय लिहिलंय बघ." गॅस बारीक केला आणि गेले. त्याने शेजारची खुर्ची आधीच ओढून ठेवली होती.