उज्जैनच्या वेधशाळेतलं ‘मागे पडलेलं’ घड्याळ: दोन स्टार देणाऱ्या ताईंना आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार दिलेत, पण खाली सविस्तर लिहिलंत याबद्दल आभार. नुसते स्टार ठेवून जाणाऱ्यांना उत्तर तरी काय द्यायचं!

२५ जानेवारीच्या आमच्या इंदूर-उज्जैन सहलीबद्दल तुमची तक्रार थोडक्यात अशी: वेधशाळेत साडेनऊला नेतो सांगून अकरा वाजून गेल्यावर नेलं आणि पंचवीस मिनिटांत बाहेर काढलं. सासूबाई उन्हात ताटकळल्या. जाहिरातीत दुर्बीण, प्रत्यक्षात ‘नुसत्या भिंती’. जयपूरची वेधशाळा पाहिलेली असल्यानं हे फारच छोटं वाटलं. एक यंत्र तर सावलीत, म्हणजे बंदच. आणि मोठं सूर्यघड्याळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे, विचारलं तर आमचा गाइड म्हणाला, “तीनशे वर्षं जुनं आहे, एवढं चालायचंच.” म्हणून सगळे पैसे परत हवेत.

उशीर आमचाच. त्या दिवशी दोन कुटुंबं एका गाडीत घेतली होती. दुसरं कुटुंब हॉटेलातून खाली यायला पाऊण तास लागला आणि मग ड्रायव्हरनं वाटेत पोह्यांसाठी गाडी थांबवली. इंदूरच्या माणसाला पोहे-जिलेबीपुढे घड्याळ दिसत नाही हे मी मान्य करतो, पण त्याची भरपाई तुमच्या वेधशाळेच्या वेळेतून करणं चूक होतं. तुम्हाला एक फोनही केला नाही, हे त्याहून वाईट. आजींसाठी गाडीत घडीची खुर्ची होती. ती डिकीतच राहिली. त्यांची मी वेगळी माफी मागतो.

दुर्बिणीचा फोटोही आमचीच चूक. जाहिरात करणाऱ्या मुलानं ‘वेधशाळा’ म्हटल्यावर इंटरनेटवरून दुर्बीण उचलली आणि मी न बघता पुढे जाऊ दिली. आता तिथे सम्राट यंत्राचा, म्हणजे त्या मोठ्या सूर्यघड्याळाचा फोटो आहे. जयपूरचे राजे सवाई जयसिंह मालव्याचे सुभेदार असताना १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली ही यंत्रं नुसत्या डोळ्यांनी वेध घेण्यासाठीच आहेत. भिंत, कमान, सावली, एवढंच सामान. हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही दुर्बीण शोधत फिरला नसता.

पण घड्याळाबद्दल मी हार मानणार नाही. गाइडला बोलावून सगळं विचारलं. तो म्हणाला, तुमच्या लेकानं सम्राट यंत्राच्या कमानीवर सावलीच्या कडेला बोट टेकवून धरलं आणि थोड्या वेळात सावली बोटाखालून पुढे सरकल्यावर ओरडला, “हलली!” मग त्यानंच मनगट कमानीजवळ नेऊन ताडून पाहिलं. घड्याळात सव्वाअकरा, सावली दहा छत्तीसवर. पोरगं हुशार आहे. आणि त्याच्या प्रश्नाला आमच्या माणसानं चक्क सूर्यघड्याळाच्या पायथ्याशी उभं राहून वेळ मारून नेली! तुमच्या सगळ्या रिव्ह्यूत मला सर्वांत लागलं ते हे वाक्य.

यंत्र मागे नव्हतं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतं, कारण सगळ्या देशाला एकच वेळ लागते. उज्जैन त्याच्या पश्चिमेला, साधारण पावणेशहात्तर अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे २७ मिनिटं इथेच गेली. उरली १२. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर एकसारख्या चालीनं चालत नाही. जानेवारीअखेर तो बारा-तेरा मिनिटं रेंगाळलेला असतो. सत्तावीस आणि बारा, एकोणचाळीस. तुमच्या मुलानं मिनिटही चुकवलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत आला असतात तर हाच फरक दहा-अकरा मिनिटांचा दिसला असता, कारण तेव्हा सूर्य पुढे धावत असतो. सावलीच्या वेळेत त्या त्या दिवशी किती मिनिटं मिळवायची याचा तक्ता तिथेच लावलेला आहे. गाइडनं फक्त बोट दाखवायचं होतं.

गंमत म्हणजे जुने ज्योतिषी उज्जैनची रेखांशाची रेषा शून्य धरून गणित करायचे. आता त्याच गावाच्या घड्याळाला आम्हीच मागे पडलेलं म्हणतो.

‘तीनशे वर्षं जुनं’ हेही अर्धंच खरं. वेधशाळेची दुरवस्था झाली होती, ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतली आणि तिचे पहिले अधीक्षक होते गोविंद सदाशिव आपटे. मराठी कुटुंबाला घेऊन गेलेल्या मराठी गाइडनं हे नाव घेऊ नये याला काय म्हणावं? ग्रहांची स्थिती देणारं पंचांग आजही तिथून निघतं.

सावलीतल्या यंत्राचं सांगतो. ते नाडीवलय, दोन्ही तोंडांवर तबकडी असलेलं सूर्यघड्याळ. एक तोंड उत्तरेला, एक दक्षिणेला. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो, त्यामुळे फक्त दक्षिणेकडच्या तबकडीवर ऊन पडतं. उत्तरेकडची सहा महिने सावलीतच. सूर्य कोणत्या गोलार्धात आहे हे ते यंत्र असंच सांगतं. तुम्हाला उत्तरेच्या बाजूला उभं केलं आणि मागे वळून दुसरी बाजू दाखवायची राहिली. याला यंत्र बंद नाही म्हणत, गाइड बंद म्हणतात.

जयपूरबद्दल तुमच्याशी वाद नाही. तिथलं मोठं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे, उज्जैनचं त्यापुढे लहानच. पण जयपूरच्या गर्दीत मुलाला सावलीवर बोट ठेवून निवांत उभं राहता आलं असतं का, हे तुम्हीच ठरवा. (मला उज्जैनचंच जास्त आवडतं. पण मी धंदा उज्जैनचा करतो, तेव्हा माझं मत निम्म्यानं घ्या.)

या रिव्ह्यूनंतर दोन गोष्टी बदलल्या. एका गाडीत एकच कुटुंब. आणि वेधशाळा आता सकाळी नाही, दुपारी. मध्यान्ह गाठूनच निघायचं. तुम्ही होतात त्या दिवशी उज्जैनला मध्यान्ह १२ वाजून ३९ मिनिटांनी झाला. त्या क्षणी सूर्य बरोबर याम्योत्तर रेषेवर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर येतो आणि दक्षिणोत्तर भित्तियंत्रावर, म्हणजे उत्तर-दक्षिण बांधलेल्या भिंतीवर, त्याचं माथ्यापासूनचं अंतर वाचता येतं. तुम्हाला मात्र आम्ही अकरा चाळीसला गाडीत बसवलं, म्हणजे ज्यासाठी ती भिंत बांधली, त्याच्या तासभर आधी. नवीन वेळापत्रकात उन्हाची तक्रार वाढेल, म्हणून खुर्ची आणि छत्र्या आता गाडीतून उतरतात की नाही हे मी स्वतः फोन करून विचारतो.

पैशांचं. पूर्ण रक्कम परत करणं मला जमणार नाही. गाडी दिवसभर तुमच्यासोबत होती, दोन्ही वेळचं जेवण झालं, महाकालेश्वराचं दर्शन आणि रामघाट ठरल्याप्रमाणे झाले, आणि त्याबद्दल तुम्हीच चांगलं लिहिलं आहे. वेधशाळेचा भाग आणि गाइडचे पैसे, असे माणशी ३०० प्रमाणे सहा जणांचे १८०० रुपये मात्र आमच्याकडे राहायला नकोत. बुकिंगच्या वेळी ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यावर आज पाठवतो आहे. गाइडला कामावरून काढलेलं नाही. पुढचे चार रविवार तो गटाशिवाय वेधशाळेत जाऊन दर तासाला सावलीची वेळ वहीत लिहून आणणार आहे.

मुलाला सांगा, हाच प्रयोग ठाण्यात गच्चीवर काठी रोवून करता येईल. तुमच्याकडे रेखांशाचाच फरक ३८ मिनिटांचा आहे, त्यामुळे जानेवारीअखेर काठीची सावली सर्वांत आखूड होते ती साधारण १२ वाजून ५० मिनिटांनी. जमलं तर त्यानं काय आकडा आला तो कळवावा, मी गाइडच्या वहीशेजारी लावून ठेवीन.

आणि एक, जांभळ्या काठाची शाल मागच्या सीटखाली सापडली आहे. आजींचीच असावी. बुकिंगच्या नंबरवर पत्ता पाठवलात की कुरिअर करतो.