व्हॉट्सअ‍ॅपवरची भेंडी आणि माझं फीड

आमच्या आईच्या भिशीच्या ग्रुपवर दर आठवड्याला डायबेटिसचा एक नवा इलाज येतो. कधी मेथ्या, कधी दालचिनी, मागच्या महिन्यात भेंडी. दोन भेंड्या उभ्या चिरून रात्री पेल्यात भिजत घालायच्या आणि सकाळी ते बुळबुळीत पाणी अनशापोटी प्यायचं. खाली ठळक अक्षरात, अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. कुठल्या शास्त्रज्ञांनी, कधी, किती माणसांवर, काही पत्ता नाही. आई म्हणते अगं पिऊन बघायला काय जातंय, भेंडीच आहे ना. भेंडीवर पुन्हा येते, आधी मुद्द्याचं.

मला आज लिहायचंय आरएसएस फीडबद्दल. हसू नका. माहितीये ते जुनं प्रकरण आहे, १९९९ साली आलं, फीड वाचायचं गूगल रीडर तर १ जुलै २०१३ ला बंद झालं आणि तेव्हा सगळ्यांनी आरएसएसचं तेरावंही घालून टाकलं. पण ते मेलं नाहीये हो. तुम्ही रोज पॉडकास्ट ऐकता ना, तो नवीन एपिसोड आपोआप येतो तो याच्याच जिवावर. सोप्पं आहे, दुधाचा रतीब लावतो तसा साइटचा रतीब लावायचा. फीडली, इनोरीडर असलं एखादं फुकटचं अ‍ॅप घ्यायचं, साइटची फीडची लिंक त्यात टाकायची, की तिथे काही नवीन आलं की तुमच्या दारात. जसं आलं तसं, तारखेच्या क्रमाने. मध्ये कोणी बसून ठरवत नाही की हिला आज काय दाखवलं म्हणजे ही अजून दहा मिनिटं स्क्रोल करेल. मी एकदा, फक्त एकदा, थायरॉईडचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला तर पुढचे दोन महिने मला गळ्यावर हात ठेवून रडणाऱ्या बायकाच दिसत होत्या. फीडला मी कोण आहे हेच माहीत नसतं, आणि तब्येतीच्या बाबतीत मला तेच बरं वाटतं.

मला याचं वेड लागलं लॉकडाऊनमध्ये. मार्च २०२० मध्ये घरात बसल्याबसल्या डब्ल्यूएचओच्या साथींच्या बातम्या मागे मागे जात वाचत होते, तर ५ जानेवारीची नोंद सापडली. वुहानमध्ये न्यूमोनियाचे ४४ पेशंट, कारण अज्ञात. साधी कोरडी नोंद, आणि ५ जानेवारीला मी काय करत होते तर संक्रांतीच्या वाणाला काय आणायचं यावर नणंदेशी फोनवर तासभर बोलत होते. मला आधी कळून मी काही दिवे लावले असते असं नाही, पण ते तिथे उघड्यावर लिहिलेलं होतं हे डोक्यात बसलं.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र पबमेड. अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय लायब्ररीचं आहे, जगभरातल्या मेडिकल पेपर्सचे सारांश तिथे फुकट वाचता येतात. आपल्याला हवं ते सर्च करायचं, सर्चच्या चौकटीखाली क्रिएट आरएसएस असं बटण असतं, ते दाबलं की त्या सर्चचीच लिंक मिळते. म्हणजे अख्ख्या जगाचं मेडिकल नको, मला फक्त मेटफॉर्मिन, म्हणजे डायबेटिसची गोळी, आणि म्हातारी माणसं एवढंच पाहिजे, तर तेवढंच येणार. सुरुवातीला मी नुसतं डायबेटिस टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी इतका ढीग येऊन पडला की अ‍ॅपच काढून टाकणार होते. मग शिकले, शब्द नेमके टाकायचे, फिल्टरमध्ये माणसांवरचे अभ्यास निवडायचे, त्यातही सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे जिथे आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितलेत ते, आणि मगच लिंक बनवायची. आता आठवड्याला पाच-सात येतात, रविवारी चहाबरोबर संपतात. प्रीप्रिंटचं फीड लावलं होतं ते काढलं, कारण तिथे पेपर इतर तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच येतात, मेडआर्काइव्ह ही असल्या पेपर्सची साइट तर स्वतःच वर लिहिते की यावरून उपचार ठरवू नका. माझा घरगुती नियम, पहिल्या दोन ओळीत उंदीर दिसला की सोडून द्यायचं.

पण खरं सांगू का, फीड लावलं म्हणजे आपण शहाणे झालो असं नाही, उलट थोडा माज चढतो. माझाच किस्सा सांगते. बाबांची अँजिओप्लास्टी झालीये, स्टेंट आहे, रोज दुपारी जेवणानंतर छोटी अ‍ॅस्पिरिन असते. एप्रिल २०२२ मध्ये फीडमध्ये आलं की आजार टाळण्याबद्दल सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सचा नवीन सल्ला आहे, साठीच्या पुढच्यांनी हार्ट अटॅक टाळायला म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये, फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका जास्त. मी त्याच दुपारी बाबांच्या ताटाशेजारची गोळी उचलली. वर लेक्चर. २०१८ च्या अ‍ॅस्प्री अभ्यासात १९ हजारांवर म्हातारी माणसं होती, त्यातही फायदा दिसला नव्हता वगैरे वगैरे. बाबा शांतपणे बरं म्हणाले आणि वरणभात खात राहिले. 

चार दिवसांनी फॉलोअपला गेलो तेव्हा मी डॉक्टरांसमोर मोठ्या ऐटीत विषय काढला. त्यांनी चष्मा काढला, मला म्हणाले मॅडम, तो सल्ला ज्यांना हार्टचा आजार नाही त्यांच्यासाठी आहे आणि तोही नवीन सुरू करण्याबद्दल, यांना स्टेंट आहे, यांची बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, तुम्ही बंद केली का? माझ्या पोटात गोळा. तेवढ्यात बाबांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. अगं, तू मोबाईलमध्ये वाचून सांगतेस, यांनी माझ्या छातीत तार घातलीये, मी ऐकू कोणाचं? म्हणजे चारही दिवस माझ्या पाठी गुपचूप घेत होते. मी त्या पेपरचं फक्त शीर्षक आणि शेवट वाचला होता. कोणासाठी हे लिहिलंय, ती ओळ सारांशात होती, पहिल्याच परिच्छेदात.

तेव्हापासून मी आधी कोणासाठी ते बघते आणि मग काय. आणि नवीन म्हणजे बरोबर हेही डोक्यातून काढलंय. आठवतं ना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ते मलेरियाचं औषध, कोविडवर चालतं म्हणून केमिस्टकडे रांगा लागल्या होत्या. २२ मे २०२० ला लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये पेपर आला की कोविड पेशंटना त्याने मृत्यू वाढतात, तीन दिवसांत डब्ल्यूएचओने आपल्या ट्रायलमध्ये ते औषध देणं थांबवलं, आणि ४ जूनला तो पेपरच मागे घेतला गेला कारण ज्या डेटावर तो उभा होता तो कोणाला तपासायलाच मिळेना. औषधाचा उपयोग नाही हे पुढे नीट ट्रायल्समधून दिसलंच, तो भाग वेगळा. पण लॅन्सेट! तेरा दिवस! म्हणून मी रिट्रॅक्शन वॉचचंही फीड ठेवलंय, मागे घेतलेल्या पेपर्सवर लिहितात ते. सगळ्यात जास्त मजा तिथेच येते, जरा कुचाळक्या वाचल्यासारखं.

फीड कुठे तोकडं पडतं तेही सांगते. जानेवारी २०२५, आम्ही पुण्यात धायरीत राहतो, आणि सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार, सुरू झाला. पबमेडने मला दहा मिनिटांत सांगितलं की कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो, त्याचं बाहेरचं आवरण आपल्या नसांवरच्या काही रेणूंसारखं असतं, म्हणून शरीर जंतूला मारता मारता नसांवरच हल्ला करतं, बहुतेक लोक बरे होतात पण वेळ लागतो. छान. पण आमच्या बिल्डिंगला पाणी कुठल्या विहिरीचं येतंय आणि त्यात क्लोरीन टाकलंय का, हे कुठल्याही फीडमध्ये नव्हतं. ते शेवटी टँकरवाल्याला विचारून आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेल्या नोटिशीच्या तिरक्या फोटोवरून कळलं. त्याच ग्रुपवर हा आजार पनीरमुळे होतो अशी बोंब चालली होती. महिनाभर पाणी उकळून प्यायलो, गॅस सिलिंडर आठ दिवस आधी संपला.

तर भेंडी. मी पबमेडवर भेंडी आणि मेटफॉर्मिन टाकलं. निघाला एक २०११ चा पेपर, भेंडीचा अर्क आणि मेटफॉर्मिन एकत्र दिलं तर औषध कमी शोषलं जातं असा. मी पळत स्वयंपाकघरात, आई बघ, तुझी गोळी वाया जात असेल या पाण्याने. आईने पेला तोंडाला लावलेला तसाच धरून विचारलं, कुणावर केलाय अभ्यास?

उंदरांवर, मी म्हटलं.

मग सोडून दे, म्हणाली, आणि पेला रिकामा केला.