टिपस्टरची कमाई नेमकी कशातून?

सट्ट्यासाठी सामन्यांचे अंदाज विकणाऱ्या टिपस्टरांवरच्या लेखातला 'पैसे भरण्याआधी टिपस्टरचं मागचं रेकॉर्ड तपासा' हा सल्ला वाचून हसू आलं. तपासणार कसं? टेलिग्रामवर चॅनलवाला जुना मेसेज कधीही उडवतो. चुकलेली टिप गायब, बरोबर आलेली वर पिन केलेली! शिवाय जुनी युक्ती आहेच: आयपीएलच्या सामन्याआधी ८०० जणांपैकी निम्म्यांना मुंबई सांगायचं, निम्म्यांना चेन्नई. ज्यांची चुकली त्यांना सोडून द्यायचं, उरलेल्यांशी पुढच्या सामन्याला पुन्हा तेच. चार सामन्यांनंतर ५० जण असे उरतात, ज्यांना हा माणूस देवच वाटतो. व्हीआयपी ग्रुपची फी त्यांच्याकडून.

बरं, प्रामाणिक टिपस्टर धरला तरी दोन्ही संघांचा भाव १.९० असेल (म्हणजे १०० रुपये लावून जिंकलात तर १९० परत) तर नुसतं ना नफा ना तोटा राहायलाच १०० पैकी ५३ अंदाज बरोबर यावे लागतात. फी वेगळीच.

आणि लेखात मुख्य गोष्टच राहिली. यातल्या अनेकांना बेटिंग साइटकडून, आणलेल्या गिऱ्हाइकाने हरलेल्या रकमेवर कमिशन मिळतं. मग तुम्ही जिंकावं असं त्याला का वाटेल? त्यात २०२५च्या कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळच बंद केलेत, तेव्हा फसलात तर तक्रारीत लिहिणार काय?