मकाऊचा तो मेसेज आणि मावशीची भिशी

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. "अगं, आमच्या भिशीतल्या सहाजणी दिवाळीनंतर हाँगकाँग-मकाऊला चाललोय, तिकिटं पण काढली, आणि व्हिसाबिसा काही लागत नाही म्हणे." कोणी सांगितलं विचारलं तर तोच मेसेज, 'चीनमधलं गोवा: मकाऊ', जो गेल्या महिन्याभरात मला चार ग्रुपवर आलाय आणि मी न वाचता पुढे गेले होते. मकाऊ म्हणजे हाँगकाँगजवळचं, १९९९ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेलं आणि आता चीनचं असलेलं शहर. या वेळी मेसेज नीट वाचला आणि डोकंच फिरलं. मी २०१९ मध्ये चार दिवस मकाऊत राहून आलेय, म्हणून लिहितेय.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते. मेसेज म्हणतो, "हाँगकाँग आणि मकाऊ दोन्ही चीनचेच, दोन्हीकडे भारतीयांना व्हिसा नाही, फक्त पासपोर्ट आणि तिकीट घ्या. एकदा आत शिरलात की मकाऊच्या गेटातून चालत चीनमध्ये जाऊन शॉपिंग करून या, कोणी विचारत नाही."

यातलं एकच वाक्य खरं आहे आणि तेही अर्धं. मकाऊला भारतीय पासपोर्टवर ३० दिवस व्हिसा लागत नाही, हे बरोबर. हाँगकाँगलाही १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण जानेवारी २०१७ पासून भारतीयांना निघायच्या आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन म्हणतात त्याला. हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या स्वतःच्या साइटवर होतं, फुकट होतं, बहुतेकांना निकाल लगेच दिसतो, सहा महिने चालतं, आणि मिळालेली स्लिप साध्या पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून न्यायची. नामंजूर झालं तर मग रीतसर व्हिसा काढायचा, त्याला वेळ लागतो. विमानतळाबाहेर न पडता नुसतं विमान बदलायचं असेल तर हे लागत नाही, ते मान्य. पण मावशीचं हाँगकाँगात तीन रात्रींचं हॉटेल आहे!

मी गेले तेव्हा मुंबई विमानतळावर चेक-इनच्या रांगेत माझ्यापुढे एक कुटुंब होतं, आजी-आजोबा, मुलगा-सून आणि कडेवर लहान मूल. काउंटरवरच्या मुलीने स्लिप मागितली तर कोणाला माहीतच नाही. मग बॅगा बाजूला काढून, ट्रॉलीवर पासपोर्ट पसरून, मुलगा मोबाइलवर एकेकाचा फॉर्म भरतोय, आजी सारखं विचारतायत "काय झालं रे, जाऊ देत नाहीत का", आणि मूल रडून लाल झालेलं. त्यांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, माझी रांग पुढे सरकली. पण त्या आजींचा चेहरा मला अजून दिसतो आणि त्या जागी मी मावशीला बघू शकत नाही.

आता ते "गेटातून चालत चीन". गेट खरंच आहे, पोर्तुगीजांनी बांधलेली जुनी कमान आहे तिथे, आणि पलीकडे चीनचं झुहाई शहर. रोज प्रचंड माणसं ये-जा करतात, पण ती तिथली माणसं, त्यांच्या कार्डांवर. आपल्याला चीनचा व्हिसा लागतो. शिवाय चीनच्या एका एन्ट्रीच्या व्हिसावर कोणी मकाऊत आलं तर ती एन्ट्री संपली, परत चीनमध्ये जायला दुसरी लागते. म्हणजे हाँगकाँग, मकाऊ आणि चीन या तीन वेगळ्या इमिग्रेशन आहेत. हाँगकाँगला मकाऊ आणि झुहाईशी जोडणाऱ्या, २०१८ मध्ये सुरू झालेल्या ५५ किलोमीटरच्या पुलावरून बसने गेलात तरी हाँगकाँगमधून बाहेर पडताना एकदा आणि मकाऊत शिरताना एकदा पासपोर्ट दाखवायचाच. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी छापील चिठ्ठी देतात, तिच्यावर किती तारखेपर्यंत राहू शकता ते असतं. ती फेकू नका.

हे असं का, ते ज्यांना खरंच समजून घ्यायचंय त्यांनी मकाऊचा १९९३ चा मूलभूत कायदा बघावा, मी इथे त्याच्याच जोरावर बोलतेय. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण बीजिंगकडे, पण बाहेरच्या माणसांच्या येण्या-जाण्यावर नियंत्रण मकाऊ सरकारचं, चलन त्यांचं, आणि जुनी भांडवलशाही व्यवस्था १९९९ च्या हस्तांतरापासून ५० वर्षं बदलायची नाही, म्हणजे २०४९ पर्यंत. त्यामुळे मेसेजमधलं "युआन घेऊन जा" हेही चूक, तिथलं चलन पटाका. हाँगकाँग डॉलर सगळीकडे घेतात, पण एकास एक धरतात, खरा दर एका डॉलरला १.०३ पटाका आहे, आणि सुटे पटाका हातात आले तर तिथेच संपवा, हाँगकाँगच्या दुकानात ते घेत नाहीत.

"अजून पोर्तुगीज बोलतात." नाही हो. पाट्या चिनी आणि पोर्तुगीज दोन्ही भाषांत आहेत कारण पोर्तुगीजही कायद्याने अधिकृत भाषा आहे, बोलतात मात्र कॅन्टनीज ही चिनी बोली.

"सरकार सगळ्यांना फुकट पैसे वाटतं." बरं, यात तथ्य आहे. २००८ पासून दरवर्षी वाटतात, अलीकडे कायम रहिवाशांना १०,००० पटाका, आपले लाखभर रुपये. पण ते तिथल्या रहिवाशांना, तुम्हाआम्हाला नाही, आणि हा पैसा मुख्यतः कॅसिनोंवरच्या करातून येतो. त्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना शिरताच येत नाही, त्यामुळे "मुलांना पण दाखवा" हा सल्लाही बाद.

"चीनने सैन्य घुसवून मकाऊ घेतलं, जसं आपण गोवा घेतलं." साफ खोटं. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, पोर्तुगाल वसाहती सोडायला निघाला, १९८७ मध्ये दोन्ही देशांनी करार केला आणि २० डिसेंबर १९९९ ला हस्तांतर झालं. पोर्तुगीजांनी तरी ते कुठे लढून जिंकलं होतं? १५५७ च्या सुमाराला वस्ती केली आणि कित्येक वर्षं चीनला जागेचं भाडं भरत राहिले.

आणि ज्याचा मला सगळ्यात राग आलाय ते शेवटी. "गोव्याची नुसती कॉपी, कॅसिनो सोडून बघायला काही नाही." अरे, १८४४ पर्यंत मकाऊचा कारभार गोव्यातून चालायचा! जहाजं गोव्याहून मलाक्का, तिथून मकाऊ, तिथून जपान अशी जायची. आ-मा या समुद्रदेवीच्या मंदिराच्या जवळ चढावर एक पिवळी-पांढरी लांबलचक इमारत आहे, कमानींचा व्हरांडा, 'मूरिश बराक्स' नाव. १८७४ मध्ये बांधली ती गोव्याहून पोलिसांच्या मदतीला आणलेल्या भारतीय शिपायांना राहायला, आणि आज युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. मी त्या व्हरांड्याजवळ उभी होते तेव्हा दुपारचं ऊन कमानीतून तिरकं आत येत होतं आणि पणजीच्या जुन्या सरकारी कचेरीबाहेर उभी असल्यासारखं वाटत होतं. घर सोडून इतक्या लांब आलेली ती माणसं त्या कमानीखाली बसून काय बोलत असतील, हेच डोक्यात घोळत होतं. तिथल्या जेवणात हळद, चिंच, नारळाचं दूध आहे, कोळंबीच्या आंबट-खारट चटणीला बालिशांव म्हणतात, गोव्यातलं बालशांव आठवा, आणि बेबिंका नावाचा गोड पदार्थसुद्धा आहे, फक्त गोव्यातल्यासारखा थरांचा नाही. सेंट पॉलची ती प्रसिद्ध भिंत बघून लोक फोटो काढून परततात, चर्च १८३५ मध्ये जळलं आणि दर्शनी भिंतच उरली, ती बघाच, पण तिथून पायी या बराक्सपर्यंत यायला तासभर सुद्धा लागत नाही.

मावशीचा फॉर्म मी काल रात्री व्हिडिओ कॉलवर भरून घेतला, पासपोर्टवर नाव आहे तसंच्या तसं, आणि मंजूर झाला. भिशीतल्या बाकी पाचजणींनो, आज रात्री आठला मी मोकळी आहे, पासपोर्ट हातात घेऊन बसा, आणि घरी प्रिंटर नसेल तर स्लिपा मी छापून रविवारी आणून देते.