‘गंमत’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्त्रियांच्या क्रिकेटच्या आरंभकाळावरील माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचून उत्तर द्यायचे नाही, असे मी दोन दिवस ठरवले होते. ते जमले नाही. आपण लिहिता, ‘चार खेडवळ पोरींनी एके दिवशी केलेली गंमत म्हणजे इतिहास नव्हे. बाईंनी भावनेच्या भरात लेख लिहिला आहे.’ लेखाच्या माथ्यावर माझे नाव असताना ‘बाईंनी’ म्हणण्याची आपली तऱ्हा मी समजू शकते, कारण स्वतःचे नाव आपण कुठेच लिहिलेले नाही. मतभेद जरूर असावेत, पण ते मांडण्याची एक रीत असते.

एक चूक मात्र मान्य करते. माझ्या लेखातल्या १७४५ च्या मुलींच्या सामन्यातील हॅम्बलडन हे हॅम्पशरमधील त्या प्रसिद्ध क्रिकेट क्लबाचे गाव नव्हे, तर सरे परगण्यातील त्याच नावाचे दुसरे खेडे होय, हे आपण दाखवून दिलेत, त्याबद्दल आभार.

आता ‘गंमत’ या शब्दाकडे वळते. २६ जुलै १७४५ रोजी गिल्डफर्डजवळच्या गॉस्डेन कॉमन या माळावर ब्रॅमली आणि हॅम्बलडन या गावांच्या अकरा-अकरा मुली खेळल्या, ही बातमी ‘रेडिंग मर्क्युरी’ या वृत्तपत्राने छापली. सगळ्या पांढऱ्या पोशाखात होत्या. हॅम्बलडनच्या मुलींच्या डोक्याला तांबड्या फिती होत्या आणि ब्रॅमलीच्या मुलींच्या डोक्याला निळ्या. हॅम्बलडनच्या १२७ धावा झाल्या, ब्रॅमलीच्या ११९. त्या काळी धावफलक नव्हता. गुणलेखक हातात काठी आणि चाकू घेऊन बसे आणि प्रत्येक धावेला काठीवर एक खाच पाडी, म्हणून धावेला शब्दच ‘खाच’ हा होता. दोन्ही संघांच्या मिळून २४६ खाचा होतात. गमतीसाठी जमलेली माणसे इतका हिशेब ठेवत नाहीत, साहेब. शिवाय या मुली बहुतेक पुरुषांच्या तोडीने चेंडू टाकत, फटके मारत, धावत आणि झेल घेत होत्या, असे त्या बातमीदाराने लिहून ठेवले आहे. तो काही माझ्यासारखा भावनेच्या भरात लिहिणारा नसावा.

दोनच वर्षांनी, १७४७ च्या जुलैत, ससेक्समधील खेड्यांच्या मुली लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर खेळल्या. त्या काळातले इंग्लंडमधील हे नामांकित मैदान होते. बघ्यांची गर्दी मैदानात घुसली, काही मुली घाबरल्या, काहींना लागले आणि सामना दुसऱ्या दिवशी सकाळी पुरा करावा लागला. लागल्यानंतरही दुसऱ्या दिवशी खेळ पुरा करायला उतरण्याला आपल्या घरी गंमत म्हणत असतील, तर माझा नाइलाज आहे.

हा शब्द मला इतका का झोंबला, तेही सांगते. १९७८ ते १९८१ अशी तीन वर्षे मी महाविद्यालयाच्या संघात यष्टिरक्षण केले. मुलांच्या संघाने टाकून दिलेले ग्लोव्हज आम्हाला मिळत. त्यांची बोटे माझ्या बोटांपुढे पेरभर रिकामी राहत, म्हणून मी त्यांत कापूस कोंबत असे. एका सामन्यात तो कापूस सरकला आणि सीझन बॉल सरळ करंगळीच्या टोकावर बसला. ती करंगळी आजही पुरती सरळ होत नाही. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात क्रीडाविभागाचा अहवाल वाचताना मुलांच्या संघाचे सामने धावसंख्येसह सांगितले गेले आणि आमच्याबद्दल ‘मुलींनीही क्रिकेटची गंमत लुटली’ एवढे एकच वाक्य आले. आमची स्कोअरबुके मीच लिहीत असे, त्यांतल्या आकड्यांसह. तेव्हा या विषयावर कोणी बोलावे आणि कोणी बोलू नये, हे आपण मला शिकवू नये.

राहिले आपले इतर आक्षेप. १८९० च्या ‘ओरिजिनल इंग्लिश लेडी क्रिकेटर्स’ या पगारी स्त्री-खेळाडूंचे सामने म्हणजे निव्वळ तिकिटांचा धंदा होता, असे आपण म्हणता. धंदा होता म्हणून चेंडू खोटा होता का? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील क्रिस्टियाना विल्सला घागऱ्यामुळे तेव्हाच्या रीतीप्रमाणे हाताखालून चेंडू टाकता येईना म्हणून तिने हात वर घेतला आणि भाऊ जॉन तिच्याकडून ते शिकला, ही हकिकत त्या काळचे झगे फुगीर नव्हतेच म्हणून खोटी ठरते, असे आपण चांगले दोन परिच्छेद लिहिले आहेत. झग्यांचा घेर मोजत बसायला मला सवड नाही. जॉन विल्सचा असा चेंडू १८२२ साली लॉर्ड्सवर नो-बॉल ठरवला गेला आणि तो मैदान सोडून गेला, एवढे तर खरे आहे ना?

हॅम्बलडनची दुरुस्ती लेखात काल रात्रीच केली आहे. क्रिस्टियानाच्या परिच्छेदातही ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द घातले आहेत. ते आपल्या सांगण्यावरून नव्हेत.