काय ध्यान आहे!

परवा माझा नवा शर्ट बघून मुलगी म्हणाली, "बाबा, जाळ!" मी आधी बाही चाचपली, म्हटलं इस्त्रीने जळली की काय. कौतुक होतं ते. खूश होऊन मी "झकास!" म्हणालो, तर म्हणे, "ई, असं आता कुणी बोलत नाही."

अशा शब्दांनी भाषा बिघडते म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही. अहो, जुन्या धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजोरीने केलेला गुन्हा. आज पोरांचं कौतुक करायला तोच शब्द लागतो. 'राग' संस्कृतात प्रेम, आसक्ती. आपण त्याच्यावर दातओठ खातो.

मला विचाराल तर सगळी करामत सुराची. 'ध्यान' घ्या. अभंगात ते विठ्ठलाचं रूप. तोच शब्द नाक मुरडून म्हणा, "काय ध्यान आहे!" संपलं, समोरचा गबाळा ठरला. 'पराक्रम', 'प्रताप', 'दिवटे चिरंजीव' सगळे याच वाटेने घसरले. सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो, देवांचा लाडका. पुढे संस्कृत व्याकरणात त्याच शब्दाचा अर्थ नोंदला गेला: मूर्ख! बिचारा अशोक.

उलटी गंगाही वाहते. 'छान' वापरून वापरून गुळगुळीत झाला की माणूस भीतीच्या कपाटात हात घालतो: 'भयंकर सुंदर', 'खतरनाक गायली', आणि आता 'जाळ'. तोही विझेल. घरोघरचे बाप म्हणायला लागले की विझलाच.

अशा शब्दांचा जन्म तर बहुतेकदा टवाळीतून. 1839 साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग धरून 'ओके' छापलं. तेव्हा असल्या लघुरूपांची टूमच होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार व्हॅन ब्युरेन यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावाशी ती अक्षरं जुळली, प्रचारात गाजली आणि टिकली. बाकीची बरीचशी विरून गेली. आपल्याकडेही फेसबुकचं 'चेहरापुस्तक' आणि त्याचं 'चेपू' झालंच की. मला फार आवडायचा तो शब्द. हल्ली क्वचितच दिसतो.

हे सगळं मुलीला रंगवून सांगितलं. तिने कानातला इअरफोनही काढला नाही; ऐकलंच नाही, असं मला वाटलं होतं. तासाभराने आतून हाक आली, "ओ देवानांप्रिय, माझा चार्जर कुठे ठेवलात?"