गोष्टींनी धोरण बदलत नाही म्हणे!

‘तंत्रज्ञानाचा समाजावरचा परिणाम बघायचा तर आकडे बघा, गोष्टी करमणुकीसाठी असतात’ अशा अर्थाचा मजकूर बराच फिरतो आहे. पटकन पटतो, म्हणून जरा तपासू.

‘आकडे खोटं बोलत नाहीत.’ ब्रिटनच्या टपालसेवेत नेमके आकडेच खोटं बोलत होते. १९९९पासून तिथे ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली आली आणि छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. एका बाईंनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून सांगितली तशी बटणं दाबली, तर दोन हजार पौंडांची तूट डोळ्यांदेखत चार हजार झाली! दोष प्रणालीचा, चोर ठरली माणसं. या हिशेबांवरून ९००हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगातही गेले.

‘पुरावा असला की धोरण आपोआप बदलतं.’ पुरावा होताच की. संगणकक्षेत्रातल्या एका नियतकालिकाने २००९मध्येच हे प्रकरण छापलं होतं. २०१९मध्ये न्यायालयानेही प्रणालीतले दोष मान्य केले. शिक्षा मात्र अपिलं करकरून, एकेक करत रद्द होत होत्या. जानेवारी २०२४मध्ये यावर चार भागांची टीव्ही मालिका आली, लोक खवळले, आणि मे महिन्यात शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द करणारा कायदा संसदेत मंजूर झाला. मालिकेने नवा पुरावा काय आणला? काहीच नाही. दुप्पट होणाऱ्या तुटीकडे बघत बसलेल्या त्या बाई तेवढ्या घराघरांत दिसल्या.

‘कल्पित कथा नुसती भीती पसरवतात.’ यात तथ्य आहे. उलटलेले यंत्रमानव इतके रंगवून झालेत, की कुणाचं अनुदान गुपचूप नाकारणाऱ्या प्रोग्रामकडे लक्षच जात नाही. पण भीतीही कधीकधी कामाला येते. १९८३च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटात एक शाळकरी मुलगा फोनलाइनवरून अमेरिकी लष्कराच्या संगणकात शिरतो. अध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? उत्तर आलं, परिस्थिती त्याहूनही वाईट आहे. सप्टेंबर १९८४मध्ये संगणकसुरक्षेचा अध्यक्षीय निर्देश निघाला.

अर्थात, प्रश्न योग्य होता म्हणून उपायही योग्य ठरला असं नाही. त्या निर्देशाने राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या गुप्तचर संस्थेचा, हात नागरी संगणकांपर्यंत पोचवला होता. त्यावर आक्षेप आले, आणि नागरी संगणकांची जबाबदारी १९८७च्या कायद्याने दुसऱ्या, बिगरलष्करी संस्थेकडे गेली.